चिरफाडबाई

आमच्या परळच्या चाळीत त्यांना सगळे चिरफाडबाई म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. खायची कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे. कुणाच्या बारशाला गेल्या तरी हातातलं केळं मधोमध मोडून आतले काळे ठिपके शेजारणीला दाखवायच्या. "ह्या बिया. होत्या कधीतरी." शेजारीण बिचारी केळं खावं की ठेवावं या विचारात पडायची.

बाई जवळच्याच एका शाळेत विज्ञान शिकवत. मी दहावीत होते आणि सहामाहीला विज्ञानात सपशेल उडाले होते. बाबांनी लगेच जाहीर केलं, "बोर्डात परत उडालीस तर शिक्षण बंद. आत्यासारखं दादरला साडीच्या दुकानात लागायचं." मी रडून घेतलं. आई मात्र गुपचूप बाईंकडे गेली आणि संध्याकाळी बाई आमच्या दारात.

"भाऊ, परीक्षेपर्यंत पोरगी माझी. मग काय ते ठरवा."

बाबा अख्ख्या मजल्यावर फक्त बाईंनाच टरकून होते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं पुस्तक मिटून ठेवलं. त्या दिवशी आमच्याकडे वालाचं बिरडं होतं. मोड आलेल्या वालांचं पातेलं मांडीवर देऊन मला गॅलरीत बसवलं. "सोल. हे साल म्हणजे बीजावरण. आतल्या दोन डाळिंब्या म्हणजे बीजपत्रं, बाळाचा शिधा. आणि मोड म्हणजे मूळ. आधी पान न येता मूळच का येतं, सांग बघू?" मला येईना. "अगं, तू गावाहून आलीस की आधी काय मागतेस?" "पाणी." "मग!" एवढे वाल मी जन्मात सोलले नव्हते, पण बीज कायमचं डोक्यात बसलं.

मग त्यांनी बांगडा आणायला सांगितला, कल्ले बघायला. आई मालवणची. बाईंच्या घरी मासा असाच कसा पाठवायचा? तिने तो साफ केला, डोकं काढलं, तुकड्यांना हळद, मीठ, कोकमाचं आगळ चोळलं आणि वर झाकण लावून डबा दिला. बाईंनी डबा उघडला आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "अगं, कल्ले तुझ्या आईकडेच राहिले!" पण हार मानतील तर त्या बाई कसल्या? तुकडे तळले, बोटाने मांसाचे थर सुटे केले. "हे स्नायू. शेपूट हलवायला एवढे लागतात. आता खा." कल्ले दुसऱ्या दिवशी बाजारात उभं राहून शिकवले.

जानेवारीत बाई इस्पितळात गेल्या. गाठ होती, उशिरा कळलेली. मला वाटलं, शिकवणी संपली. दुसऱ्याच दिवशी आईकडे निरोप आला, पोरीला पुस्तक घेऊन पाठव. बाई अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. समोरच्या वाटीतलं दही दाखवून त्यांनी जिवाणू विचारले. मग म्हणाल्या, "आज पेशीविभाजन. माझ्या पोटात तेच चाललंय. ह्या पेशींना थांबायचं कळेना."

मला राहवेना. "बाई, तुम्ही बऱ्या होणार ना?"

"ते तुझ्या सिलॅबसमध्ये नाही. अवस्था सांग."

मी रडत रडत सांगितल्या. पूर्वावस्था, पश्चावस्था, मध्यावस्था. "चुकलं," बाई म्हणाल्या, "मध्यावस्था आधी. पुन्हा." डोळे पुसायलाही त्यांनी वेळ दिला नाही. एकदा बिनचूक म्हणून घेतल्यावरच माझा हात हातात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

बाई परीक्षेआधीच गेल्या. फार जीव होता माझा त्यांच्यावर, आणि ते सांगायचं राहून गेलं.

निकालाच्या दिवशी बाबांनी मोबाइलवर विज्ञानाचे मार्क दोनदा पाहिले. पास झाले होते, बऱ्यापैकी. बाबा म्हणाले, "चला, दुकान टळलं. आता आर्ट्स घे, झेपेल."

"सायन्स घेणार," मी म्हटलं.

बाबांकडे असं बघून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. ते काही बोलणार होते, पण आईने त्यांना नुसतं खुणेनेच गप्प केलं.