काकांनी घातलेलं आकाश

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेणच्या एका शाळेत मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मला जलरंग येत नव्हते. पोस्टर कलरवर निभावून नेत होते. मग कुणीतरी रोह्याच्या एका काकांबद्दल सांगितलं. ते जवळच धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचे आणि सुट्टीला घराच्या ओटीवर चित्रं काढत बसायचे. दर रविवारी मी एसटीने त्यांच्याकडे जाऊ लागले.

पहिले दोन महिने त्यांनी नुसतं आकाशच करायला लावलं. कागद भिजवायचा, वरची चमक जाईपर्यंत थांबायचं, मग कागद लावलेला पाट तिरका धरून निळा रंग वरून खाली उतरू द्यायचा. थांबणं मला जमायचं नाही. मी पुन्हा ब्रश लावायचे आणि डाग पडायचा.

"हात आवर गो," काका म्हणायचे. "पाणी करतंय ना काम, करू दे त्याला."

माझे वडील मिठागरावर कामाला होते. त्याच मिठागराचं चित्र काढायला घेतलं. मिठाच्या राशींना पांढरा रंग लावायचा नाही, तिथे कागद कोरा सोडायचा, हे काकांनीच शिकवलं. आकाश मात्र माझ्याकडून तीनदा बिघडलं. चौथ्या कागदावर त्यांनी स्वतः घातलं. "बघून घे. खालचं तू कर," म्हणाले. मग बांध, पाणी, राशी मी केल्या.

शिक्षकांच्या प्रदर्शनात ते चित्र मी माझ्या नावाने लावलं. काकांना मुद्दामच कळवलं नव्हतं. तरी ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. ते शेजारी उभे असतानाच मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, आकाश फार सुंदर जमलंय हं."

मी "थँक्यू सर" म्हटलं.

"आपण यांचे कोण?" त्यांनी काकांना विचारलं.

"ओळखीचा हाय," काका म्हणाले. "बाईंचा हात चांगला हाय."

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष उलटलं. शेवटी गेले तर घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ते नोकरी सोडून लेकीकडं गेले. कुठं ते नाय ठावं. तुमी पेणच्या बाई ना? लय दिवस रविवारचे कुठं जायचे नाय ते. तुमी येताल म्हणायचे."

स्टँडवर आले आणि मिळाली ती गाडी धरली.