गुरुजींच्या नावाचं गुलाबी पत्रक

कागद गुलाबी होता, पातळ, आणि एका कोपऱ्यात टँकरच्या पाण्याने भिजून विरलेला. नोकरीत पाहिलेले बरेच खून मी विसरलो. हा कागद विसरलेलो नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. नव्या कार्यालयांची उद्घाटनं इतकी निघत की बंदोबस्ताला माणसं पुरत नसत. दुष्काळही होता. एका कोनशिलेच्या पूजेसाठी पाण्याचा टँकर आल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. मी निलंग्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाण्यावरचा फलक नवा होता, शिक्का मात्र अजून जुन्या जिल्ह्याचाच चालत होता. त्यात विधानसभेची निवडणूक लागली.

मतदानाच्या दिवशी सकाळी एक निवृत्त शिक्षक ठाण्यात आले. सगळा भाग त्यांना गुरुजी म्हणायचा. ते अपक्ष उभे होते. निवडून येऊ असं त्यांनाही वाटत नव्हतं. पण टँकर बौद्ध वस्तीवर सगळ्यात शेवटी का येतो, हा प्रश्न त्यांनी प्रत्येक सभेत विचारला होता आणि तो काहींना झोंबला होता.

त्यांनी गुलाबी पत्रक टेबलावर ठेवलं. ‘मी माझी उमेदवारी मागे घेतली असून माझ्या बांधवांनी आपले बहुमोल मत’ एका बड्या उमेदवाराला द्यावं, असा मजकूर होता. खाली गुरुजींचं छापील नाव.

“हे मी काढलं न्हाई, साहेब.”

“कशावरून?”

“वरपासून वाचा.”

मी तीनदा वाचलं. ढ विद्यार्थ्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथे ‘॥ श्री ॥’ होतं, दोन्ही बाजूंना कमळाचे ठसे.

“छप्पन साली दीक्षा घेतली मी. लेकीच्या लग्नपत्रिकेवर त्रिशरण छापलं. आन् आज हे छापीन व्हय?”

मला वाचनाचा अभिमान होता. तरी ते ‘श्री’ मला दिसलं नव्हतं. माझ्या घरातला प्रत्येक कागद त्याच अक्षराने सुरू व्हायचा, म्हणून ते कागदाचाच भाग वाटलं.

गुन्हा अदखलपात्र. तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि त्या दिवशी सुट्टी. मी नोंद घेतली.

“तपास ऱ्हाऊ द्या,” गुरुजी म्हणाले. “तुमच्या जीपवर भोंगा हाय. वस्तीवर येऊन एवढंच सांगा, का हा कागद गुरुजींचा न्हाई.”

“पोलिसांना उमेदवाराच्या बाजूने बोलता येत नाही.”

कागद माझ्याकडे ठेवून गुरुजी उठले. मतदान शांततेत पार पडलं. बडा उमेदवार थोडक्या मतांनी आला.

आठवड्याने गुरुजी परत आले. “मतं गेली ती गेली. पर वस्तीत जय भीम घातला तर लोक मान फिरवून राहिले. म्हणतात, गुरुजी इकल्या गेला. चाळीस वर्षं शिकवलं साहेब, ह्याच वस्तीत ऱ्हायचंय मला.”

दुसऱ्याच दिवशी परवानगी आणली. पहिला जबाब रोजगार हमीच्या कामावरच्या मुकादमाचा. तो वस्तीतलाच, गुरुजींचा जुना विद्यार्थी. जीपमधून कोणीतरी गठ्ठा टाकून गेलं होतं, आणि टँकरच्या रांगेत त्याने पत्रक सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

“वरचं श्री दिसलं नाही?”

“दिसलं की. पर श्री कोण मोठ्यानं वाचतंय, साहेब? मी मजकूर वाचला.” मग खाली पाहत म्हणाला, “सांगोवांगी ऐकू नका, छापलेलं वाचा, हे गुरुजीच शिकवायचे.”

आम्ही लातुरातले छापखाने पालथे घातले. एका कमळाची पाकळी तुटलेली होती, तेवढाच धागा. डाळमिलच्या मागे एका छापखान्यात खिळ्याला टांगलेल्या लग्नपत्रिकांवर ते कमळ सापडलं. मालक गरीब चेहऱ्याचा होता. आधी काही आठवेना. मी पत्रिका आणि पत्रक शेजारी ठेवलं.

“छापखान्याचं नाव कुठे आहे?”

“नाव काढा म्हणाले, काढलं.”

“मग श्री का ठेवलंत?”

तो खरोखर चकित झाला. “ते काढा असं कुणी म्हणालं न्हाई, साहेब. श्री लावल्याबिगर आमच्याकडं मशीन चालू होत न्हाई. बाप बी असाच करायचा.”

त्याने काम देणाऱ्याचं नाव सांगितलं. तो निवडून आलेल्यांचा प्रचारप्रमुख निघाला आणि तेव्हा देवदर्शनाला गेलेला होता. नव्या आमदारांनी ‘उत्साही कार्यकर्त्याची चूक’ असा खुलासा केला. पुढे दंड झाला तो छापखानेवाल्याला. औरंगाबादला खंडपीठात निवडणूक याचिका करता येईल, असं मी गुरुजींना सुचवलं.

“खंडपीठ काय वस्तीत येऊन ऱ्हाणार हाय? वस्तीला कळू द्या.”

तपास चालू असताना पोलिसाने भाषण करायचं नसतं. पण पत्रकाच्या प्रती अजून घराघरांत होत्या, कोणी फळीवर अंथरलेल्या. त्यांच्या जप्तीचा पंचनामा मी वस्तीत, गुरुजींच्या दारातल्या बाजेवर त्यांच्या शेजारी बसून केला, टँकर यायच्या वेळी. पंचनामा पंचांना वाचून दाखवावा लागतो. किती मोठ्याने, हे कुठे लिहिलेलं नाही.

मी भरपूर मोठ्याने वाचला. “गुलाबी रंगाचा कागद. वरील बाजूस मध्यभागी ‘श्री’ असे अक्षर, दोन्ही बाजूंस कमळ. असाच ठसा लातूर येथील छापखान्यात मिळून आला. सदर मजकूर उमेदवाराने दिला नसल्याचे छापखाना मालक सांगतो.”

हंडे खाली टेकले. एक म्हातारी मुकादमाकडे वळली. “मुडद्या, गुरुजीच्या कागदावर श्री आन् तुला कळंना? आमची मतं घालवलीस की रं.”

तो दुसरा पंच होता. पेन हातात धरून त्याने विचारलं, “गुरुजी, माझी सही चालंल का?”

“आता सगळं वाचून कर,” गुरुजी म्हणाले, आणि त्याला जागा द्यायला बाजेवर सरकले.

या प्रकरणाबद्दल मला वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी कधी भिंतीवर लावलं नाही. माघारीची मुदत संपल्यावर उमेदवारी मागे घेताच येत नाही, एवढा कायदा भोंग्यावरून सांगायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. तो कायदा मला पाठ होता. मतदान संपायला अजून सहा तास होते. त्या दिवशीच्या डायरीत मी ‘निःपक्षपाती राहिलो’ असं लिहिलं आहे. खरं तर त्या सकाळी गप्प बसून मी एका बाजूला मत दिलं होतं.