डावीकडचा आवाज

आमच्या दादाला बाजारात कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्याला कानसेन म्हणतात. तो गायला लागला तर शेजारचा टायरवाला शटर ओढून घेईल, पण ऐकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. गाड्यांत टेप आणि स्पीकर बसवायचे हा त्याचा धंदा. दुकानाचा पुढचा अर्धा भाग त्याचा, मागचा माझा. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मधे साधा पडदासुद्धा नाही, त्यामुळे आम्ही दिवसभर एकमेकांवर खेकसत काम करतो आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

त्याची एक सवय सांगते. कुठलंही काम झालं की तो गिऱ्हाइकाला लगेच गाडीत बसू देत नाही. आधी स्वतः बसतो, चारी काचा वर करतो, डोळे मिटतो आणि बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून ऐकतो. मग बाहेर येऊन म्हणतो, झालं. त्याचं झालं म्हणजे झालं. तपासायचं मीटर आहे त्याच्याकडे, पण ते कपाटावर धूळ खात पडलंय. स्वतःच्या कानावर विश्वास नसेल त्यानं या धंद्यात पडू नये, असं तो मला ऐकवायचा, जशी काही मी त्याच्या धंद्यात नाक खुपसायला टपलेली होते.

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते. घाबरले की जास्तच चिडते. तेव्हा पुढे कोणाला लागेल असं काही बोलले असेन, तर ते भीतीनं बोलले असं समजा.

त्या दिवशी सकाळी नाच शिकवणाऱ्या बाई आल्या. गाडी जुनी, टेप गाडीबरोबरच आलेला. त्यात कॅसेटची फट आणि रेडिओ, बाकी काही नाही. बाईंच्या हातात काड्यापेटीएवढा प्लेअर होता आणि त्यात त्यांच्या सगळ्या वर्गांची गाणी. जाता-येता गाडीत ती ऐकत त्यांना पुढचे नाच बसवायचे होते. दादानं नवा टेप सुचवला, पण जुना काढायला त्या तयार नव्हत्या. दादाला असली कामं मनापासून आवडतात. त्या टेपच्या पाठीमागे एक जादा सॉकेट असतं. तिथून वायर काढायची, गिअरजवळ आणून सोडायची, त्यात प्लेअरची पिन बसवली की प्लेअरमधलं गाणं गाडीच्या स्पीकरमधून वाजतं. बाई संध्याकाळी येते म्हणून गेल्या.

दादानं डॅशबोर्ड उघडला, वायर ओढली, जोडली, काचा वर केल्या, डोळे मिटले. बराच वेळ तो काही बाहेर येईना. आला तो पुटपुटत. म्हणे जोडणीत घोळ आहे, बटण डावीकडे फिरवलं तरी आवाज उजवीकडूनच येतोय. त्यानं मागच्या वायरी उलट्या करून पाहिल्या. परत उजवीकडूनच. मग डावीकडच्या दाराचं कव्हर काढलं, स्पीकर बाहेर घेतला, आतली वायर पार बिजागरीपर्यंत चाचपली. दार सोललेलं, स्पीकर वायरीला लोंबकळतोय, आणि हा गुडघ्यावर बसून त्या गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय.

मी म्हटलं, थांब, मी बघते. आत जाऊन बसले. गाणं तर त्या लोंबकळणाऱ्या स्पीकरमधूनच येत होतं, अगदी खणखणीत. मी त्याला तसं सांगितलं, वर तुला झालंय काय म्हणून झापलं. तो ऐकेना. शेवटी मी त्याचा हात धरून त्या स्पीकरच्या कागदावर ठेवला. कागद थरथरत होता. ते त्याला बोटांना कळत होतं, तरी त्यानं मान उजवीकडे वळवली आणि तिकडच्या दाराकडे बघत राहिला.

मग तो गाडीत चढला आणि सीटवर गुडघे टेकून उलटा बसला, तोंड मागच्या काचेकडे करून. ही कुठली नवीन तऱ्हा, असं मी म्हणणार होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि मी जागीच थांबले.

"आवाज गाडीत नाहीये," तो म्हणाला. "माझ्याबरोबर फिरतोय."

मला कळेना. तेव्हा त्यानं उजव्या कानात बोट घातलं आणि खुणेनं मला बोलायला सांगितलं. मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, शिव्याच दिल्या असतील. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, नुसता ओठांकडे. गाणं चालू, मी चालू, आणि त्याच्यापर्यंत मात्र काहीच पोचत नव्हतं. स्पीकर धड होता, वायर धड होती. दादाचा डावा कान गेला होता, आणि आम्ही दार उघडून तो शोधत बसलो होतो.

कधीपासून, म्हणून मी विचारलं. परवापासून कानाला दडा बसल्यासारखं वाटत होतं म्हणे. अंघोळीचं पाणी गेलं असेल, सर्दी असेल, अशी स्वतःची समजूत काढून कोमट तेलाचे थेंब टाकून तो मोकळा झाला होता. वहिनीला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. ती काळजी करत नाही, काळजीचा कारखाना चालवते, असं त्याचं म्हणणं. मलाही त्यानं शपथ घातली. मी हो म्हटलं आणि त्याच पावली दुकान टायरवाल्याच्या भरवशावर सोडून त्याला कानाच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. नंतर जाऊ, आधी दार बसवतो, असं तो म्हणत होता. दार गेलं खड्ड्यात, असं मी त्याला भर रस्त्यात सांगितलं, उजवीकडून.

डॉक्टरांनी बत्ती लावून पाहिलं. मळ नाही, पाणी नाही. मग कानाला यंत्र लावून तपासणी केली आणि सांगितलं, की आतली नस अचानक कमजोर होते कधी कधी, कारण सापडतंच असं नाही. लवकर आलात हे बरं केलंत. गोळ्या आजपासून, आणि त्या संपल्या की परत तपासू. कान पूर्ण येईल, अर्धा येईल किंवा येणार नाही. दादानं विचारलं, साधारण काय होईल. डॉक्टर म्हणाले, साधारण असं यात काही नसतं. खरं बोलणाऱ्या माणसावर रागावू नये, पण मी रागावले. येताना रस्ता ओलांडताना दादानं माझी बाही धरली, कारण गाडी कुठल्या बाजूनं येतेय ते त्याला समजत नव्हतं. इतका मोठा माणूस, आणि माझी बाही धरून चालला होता. मी ते बघितलंय हे त्याला कळू नये म्हणून मी पुढे बघत चालले.

नाचाच्या बाईंची गाडी तर द्यायलाच हवी होती. दादानं दार बसवलं आणि उलट्या केलेल्या वायरी पुन्हा सुलट्या केल्या. मी आत बसले. तो बटण फिरवायचा आणि मी कुठली बाजू ते सांगायचे. मग इंजिन चालू करून त्यानं विचारलं, मागे बारीक शिट्टी येतेय का. येत होती, इंजिनाबरोबर चढणारी, डासासारखी. अर्थिंगची वायर बदलून त्यानं परत विचारलं. गेली, मी म्हटलं.

"नक्की?"

दादानं जन्मात कधी मला नक्की असं विचारलं नव्हतं. मी जे सांगेन ते त्यानं खरं मानायचं, या विचारानंच मला घाम फुटला. शिट्टी खरंच गेली होती का, हे मलाच समजेना. मी काचा वर करून, डोळे मिटून पुन्हा ऐकलं, त्याच्यासारखं. मग नक्की म्हटलं.

बाई आल्या, बसल्या, गाणं लावलं. बसल्या जागी त्यांचे पाय ठेका धरायला लागले. जाताना म्हणाल्या, कानसेन ते कानसेनच. दादा हसला. मी मागे जाऊन मशीनवर बसले आणि एक अख्खं कव्हर उलट्या बाजूनं शिवून ठेवलं.

पुढचे दिवस जीव टांगणीला. सकाळी दुकान उघडलं की दादा डाव्या कानाशी बोटं चोळून बघायचा. मी विचारायचे नाही, तो सांगायचा नाही. पण बोटं चोळून झाल्यावर त्याचा हात कसा खाली येतो त्यावरून मला सगळं समजायचं. टेपची कामं तो पुढे ढकलायला लागला. आलेल्या गिऱ्हाइकाला काहीबाही सांगून वाटेला लावायचा. घरी जाताना पडलेला चेहरा झटकून उसना उत्साह चढवायचा. चोराच्या मनात चांदणं. जेवायला बसताना जागा बदलायची, निजताना कूस बदलायची, एवढंच नव्हे तर वहिनी बोलायला लागली की स्वयंपाकघरातून उठून जायचं.

एका दुपारी वहिनी डबा घेऊन दुकानात आली. एरवी डबा तोच घेऊन यायचा. दादा समोर गाडीखाली होता. ती सरळ माझ्याकडे आली, कापडाच्या तुकड्यांवर बसली आणि मला विचारलं, की माझं काही चुकलं का. हाक मारली तर वळत नाहीत, विचारलं तर उत्तर नाही, पाठ फिरवून झोपतात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही म्हणाली. दुसरं कोणी आहे का, हेही तिनं विचारलं, खाली मान घालून. मग कसली शपथ आणि कसलं काय. मी सगळं सांगून टाकलं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उठली, पुढे गेली, दादा गाडीखालून बाहेर येईपर्यंत उभी राहिली, आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाली, "अहो, मला वाटलं तुम्ही रागावलात माझ्यावर."

दादा हातात पान्हा घेऊन तसाच उभा राहिला आणि रडायला लागला. भर दुपारी, भर दुकानात. टायरवाला शहाणा, त्यानं उगाच एक टायर आत नेऊन ठेवला. मला भीती वाटते, दादा म्हणत होता, मला फार भीती वाटते. उजवाही असाच गेला तर मी काय करू, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. हे त्यानं माझ्याजवळ एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. मला तर तोवर उजव्या कानाचं सुचलंच नव्हतं, आणि त्यानंतर दुसरं काही सुचेना.

गोळ्या संपल्या. आम्ही तिघं तपासणीला गेलो. वहिनी बाहेर बाकावर डोळे मिटून बसली. आत आले तर माझाच जीव जाईल म्हणाली. मी आत गेले. तिथं एक छोटी, जाड दाराची खोली आहे, तिला एक काच. दादा आत खुर्चीवर, डोक्याला हेडफोन, हातात एक बटण. काचेच्या अलीकडे यंत्रावर बसलेल्या बाई कळ दाबून बारीक आवाज सोडतात, आणि ऐकू आला की आतल्या माणसानं बटण दाबायचं. दाबलं की यंत्रावर दिवा लागतो.

उजवा कान उत्तम निघाला. मग डावा सुरू झाला. दिवा लागला. परत लागला. दादा चटाचट दाबत होता. मला हुंदका आला, मी वहिनीला सांगायला दाराकडे निघालेच होते. पण यंत्रावरच्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हात कळेपर्यंत नेला आणि कळ न दाबता तसाच ठेवला. दिवा लागला.

दादा काचेतून त्यांचा हात बघत होता.

आत जाऊन बाईंनी हलकेच त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली, आणि परत येऊन पहिल्यापासून सुरुवात केली. आता मला दादाची पाठ दिसत होती आणि बटणावरचा अंगठा. अंगठा तयार होता. बाईंनी कळ दाबली. आवाज वाढवला, दाबली. आणखी वाढवला. दिवा लागला नाही. त्यांनी यंत्राचा काटा पार टोकाला नेला. मी काचेला चिकटून उभी होते.

आतून दादाचा आवाज आला, छोट्या स्पीकरमधून, एकदम नम्र. "बाई, सुरू करा ना आता."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ते जाड दार ढकलून आत गेले आणि त्याच्या डोक्यावरचे हेडफोन काढले. त्याला वाटलं, ते नीट बसवायला कोणी आलंय. तो तसाच भिंतीकडे बघत राहिला, अंगठा बटणावर ठेवून. मी त्याच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि अगदी हळू, कुजबुजत सांगितलं. तो हलला नाही. वाट बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी त्याच्या डावीकडे बसले आहे.

मी उठले, दुसऱ्या बाजूला गेले, आणि पुन्हा सांगितलं.

"दादा, केव्हाचंच सुरू आहे."