कविताचं बाळ कुठंय?

सांगितलं तर हसाल, नाही सांगितलं तर गावातून कळेलच. म्हणून मीच सांगते.

लग्न होऊन मला दीड महिना झालेला. शिरूर कासारजवळचं सासर. थोरले दीर आणि जाऊ, राधाताई, दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार, सोबत त्यांचा दहा महिन्यांचा सोनू. त्याची गोवराची लस राहिलेली. राधाताईंचं म्हणणं, लसीनं ताप येतो, वाटेत लेकराला कोण सांभाळणार, परत आल्यावर बघू.

सासरी तोंड उघडायची माझी ही पहिलीच वेळ. म्हटलं, "ताई, लसीचा ताप दोन दिवसांत उतरतो. पण तिकडं कोप्यांवर, खेटून खेटून झोपड्या, एका लेकराला गोवर आला की सगळ्यांना येतो. छातीत उतरला तर कुठं पळायचं?"

त्यांनी सोनूला माझ्या कडेवर दिलं. मग म्हणाल्या, "मंग तूच ने. मला भांडी बांधायचीत."

अंगणवाडीत ही गर्दी! मी सोनूला घेऊन कोपऱ्यात बसले. कार्डाची पिशवी पदराखाली घट्ट. नव्या सुनेनं मागितल्याशिवाय काही पुढं करू नये, नाही का?

सिस्टर यादीतून आयांची नावं पुकारत होत्या. "कविता!" कुणी उठेना. थोड्या वेळानं पुन्हा, "कविता! अहो, गोवराचा डोस राहिलाय बाळाचा." कुणीच नाही. शेवटी त्यांनी गावच्या आशा सेविकेला, म्हणजे आशाताईंना, तिच्या घरी पिटाळलं.

आणि मला वाचा फुटली. माहेरी जिला मुकी म्हणायचे, त्या मला! शेजारणीला म्हटलं, काय बाई एकेक आया, दारात आलेली लस घेता येत नाही यांना. तिनं मान डोलावली. मागच्या दोघींनीही डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते हो, थांबते कशाला? त्या कविताला मी अशी काही धुतली की विचारू नका.

आशाताई घामाघूम होऊन परतल्या. "ती म्हनती, लेकरू कवाच धाडलंय जावंसंगं."

"मग ती जाऊ तरी काय झोपलीय का?" मीच म्हणाले. मोठ्यानं.

खोली रिकामी होत गेली. सिस्टरनी लसीचा डबा आवरायला घेतला. उरलो मी आणि सोनू.

आशाताई समोर येऊन उभ्या राहिल्या. "तू कावून बसलीस गं अजून?"

"आमच्या राधाताईंचं नावच पुकारलं नाही."

"कार्ड काढ."

काढलं. आईचं नाव: कविता.

लग्नात ताटातल्या तांदळांवर सासरचं नाव लिहितात आणि कागदावर माहेरचंच राहतं, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? दीड महिन्यापूर्वी माझंही तसंच बदललं होतं!

सिस्टरनी डबा परत उघडला. सोनूला लस मिळाली. तो रडला, पण मान खाली माझी होती.

घरी राधाताईंनी त्याला छातीशी धरलं. म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू नेलंस. पण तिथं कुणीतरी मला लई बोललं म्हनं. कोन गं ती? जायच्या आधी तोंड तर बघून घेते तिचं."

मी म्हटलं, चहा ठेवते. आणि आत पळाले.