लेबल बाहेरून

वहिनीला चिडायला कारण लागत नसे. पण या वेळी कारण होतं, आणि असं होतं की गरीब गाईनेही शिंग उगारावं.

टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर तिचं शिवणकाम चाले. धाकटा दीर तिला वहिनी म्हणे, म्हणून कामाला येणाऱ्या बायकाही म्हणायला लागल्या, मग खालचा टायरवाला, मग सामान आणणारा टेम्पोवाला. नवरा कोपऱ्यात उभा राहून कापड कापायचा, तोही हल्ली वहिनीच म्हणायचा. घ्या!

त्या माळ्यावर गाडी धुवायचे हातमोजे शिवले जात. झुबकेदार, मऊ. आत हात घालायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि गाडीच्या अंगावरून फिरवायचा. एवढीशी वस्तू, पण बाजारात तिला तीन नावं होती. एका कंपनीचं लेबल लाल, दुसरीचं निळं, तिसरीचं काळं. काळी कंपनी पाकिटावर 'खास व्यावसायिकांसाठी' असं छापायची आणि दुप्पट भाव लावायची. कापड तेच, दोरा तोच, शिवणारे हातही तेच. सकाळी लाल शिवायचे, जेवण झालं की काळे.

आणि गंमत बघा, दीर गाड्या धुण्याच्या सेंटरवर कामाला, आणि तो काळ्याचा भक्त!

"वहिनी, तुझे लाल वाईट नाहीत गं. पण काळा तो काळा. हाताला फरक कळतो."

"अहो भावजी, तो काळासुद्धा माझ्याच मशिनवर जन्मलाय."

"असेल. पण नंतर कंपनी काहीतरी करत असणार."

"काय करत असणार? फुंकर मारत असणार?"

बायका खो खो हसल्या. वहिनी मात्र दिवसभर धुमसत राहिली, कारण हा मोजा मुळात त्याच्यासाठीच झाला होता. पूर्वी दीर फडक्याने गाड्या पुसायचा आणि ओरखडा उठला की मालकाची बोलणी खायचा. ते बघवेना म्हणून वहिनीने न्हाणीघरातलं मऊ पायपुसणं कापलं, सगळ्या शिवणी आतल्या बाजूला घेऊन पिशवी शिवली आणि स्वतःच्या गालावर घासून पाहिली. जिथे टोचलं तिथे उसवलं, पुन्हा शिवलं. तेव्हापासून माळ्यावरचा नियम झाला. शिवून झालेला प्रत्येक मोजा गालावरून फिरवायचा आणि मगच पुढे द्यायचा. नवीन माणूस जिना चढून आला की ओळीने बसून गाल घासणाऱ्या बायका बघून त्याला हसू आवरत नसे. हसेना का मेला, वहिनी म्हणायची.

स्वतःच्या नावाने विकायचा प्रयत्न तिने केला नव्हता असं नाही. पिशवी भरून दुकानं पालथी घातली होती. एका दुकानदाराने मोजा हातात घातला, खूश झाला, म्हणाला, "कुठल्या कंपनीचा?" ती म्हणाली, "माझा." त्याने मोजा काढून परत दिला. पुढे त्याच दुकानात तोच मोजा लाल लेबल लावून टांगलेला दिसला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काळ्या कंपनीचा माणूस माल न्यायला येई, त्याला बायकांनी लेबलवाला असं नाव ठेवलं होतं. त्याला ती सरळच विचारायची, "दुसऱ्याचं घेऊन स्वतःचं म्हणून विकताना काही वाटत नाही?" लेबलवाला काही चिडायचा नाही. "वहिनी, वस्तू बनवणं म्हणजे डोक्याला ताप. कापड मिळत नाही, मशिन बंद पडतं, कोण आजारी, कोण रजेवर. तो ताप तुम्ही घ्या. आम्ही ब्रश एकाकडून घेतो, साबण दुसऱ्याकडून, मोजा तुमच्याकडून. सगळ्यावर एक नाव घातलं की झाला संच. गिऱ्हाइकाला दहा जणांची ओळख ठेवायला वेळ आहे का? त्याला एक नाव पाहिजे. बिघडलं तर भांडायला जायला एक दार पाहिजे. ते दार आम्ही." यातलं खोटं काय, ते वहिनीला कधी दाखवता आलं नाही. तिच्याकडे ना दुकान, ना जाहिरात. खोटं असतं तर तिने त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं. खरं होतं, म्हणून जास्त जळायची.

आणि मग तो एक दिवस नवीन फर्मान घेऊन आला. लेबल आजवर मनगटाच्या पट्टीत, आतल्या बाजूला असायचं. आता ते बाहेरून लावायचं, बोटांजवळ, फोटोत दिसेल असं.

वहिनी जी उसळली! "आत होतं तोवर डोळेझाक केली. आता माझ्या कामाच्या छाताडावर तुमची पाटी ठोकणार? लाज नाही वाटत?" तोंडाचा पट्टा असा सुटला की खालून टायरवाला डोकावून गेला. लेबलवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की जमत नसेल तर दुसरीकडे शिवून घेऊ. माळ्यावरची बरीचशी मशिनं काळ्याच्या कामावर चालत होती. वहिनीने राग गिळला.

पण राग असा गिळून संपतो होय? तिने बायकांना बजावलं, "लावायचं तर लावा. पण मला ते थोबाड दाखवू नका. सगळ्यात शेवटी लावायचं आणि सरळ पाकिटात कोंबायचं." म्हणजे गाल आधी आणि लेबल मागून. आतमध्ये होतं तेव्हाही लेबल मागूनच लागायचं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. नवीन लेबलं गरम तारेने कापून आली होती, त्यांचे कोपरे वितळून नखासारखे कडक झाले होते. सुटलेला दोरा दुरून ओळखणाऱ्या वहिनीने त्यातल्या एकाही लेबलाला बोट लावलं नाही. रागापायी! भांडली ती नावावरून, आणि नावावरून भांडता भांडता वस्तू बघायची राहून गेली.

एका दुपारी दीर जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला. एरवी हा माणूस आल्या आल्या कुणाची तरी थट्टा करायचा. वहिनीने पाणी दिलं. मग कळलं. एका गिऱ्हाइकाची कोरी काळी गाडी त्याने धुतली आणि ऊन पडल्यावर बॉनेटभर ओरखडे दिसले. सेंटरचा मालक म्हणाला, मोजा जमिनीवर पाडलास, वाळू चिकटली, तसाच फिरवलास. छडा लागेपर्यंत कामावर येऊ नकोस. गिऱ्हाईक नुकसानभरपाई मागायला संध्याकाळी येणार होतं.

"नाही गं पडला, वहिनी. आईशप्पथ नाही पडला."

त्याचा धंदाच असा की ओरखडे पाडणारा म्हणून एकदा नाव झालं, तर गावात कुणी त्याला बादलीला हात लावू देणार नाही. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

तो काळ्या लेबलाचा मोजा त्याच्या खिशातच होता. वहिनीने तो घेतला आणि सवयीने गालावरून फिरवला.

"अगं रक्त!" मावशी ओरडली. ही मावशी माळ्यावरची सगळ्यात जुनी, पहिल्या मोज्यापासून वहिनीबरोबर बसलेली. गालावर बारीक तांबडी रेघ उठली होती. मशिनं थांबली. वहिनीने लेबलाचा कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला, आणि आपण काय करून बसलो ते तिला लख्ख कळलं.

ती तशीच दिराबरोबर सेंटरवर गेली. मालकाने लेबलवाल्यालाही बोलावलं होतं, कारण माल त्याच्याकडून घेतलेला. तो छातीठोकपणे सांगत होता, "आमचा माल तज्ज्ञांच्या नजरेखाली बनतो. या माणसाचीच हयगय असणार." तेवढ्यात त्याला दारात वहिनी दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. तो लगबगीने बाहेर आला, तिला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेला.

"वहिनी, ऐका. वाळूच म्हणू या. तुमच्या दिराला मी दुसरीकडे कुठेतरी चिकटवतो. तुमचं काम चालू राहील. उगाच खापर कुणावर फुटायला नको."

"कुणावर म्हणजे?"

"आता शिवलं कुणी, ते निघालं तर…" तो थांबला. "आम्ही काही बनवत नाही ना."

इतकी वर्षं पाकिटावर 'आमची निर्मिती' म्हणून मिरवणारा माणूस! वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. भांडायला जायचं दार म्हणे! पहिलं भांडण आलं आणि दाराला कडी.

ती आत गेली आणि मोजा मालकाच्या टेबलावर आपटला. "हा मी शिवलाय. माझ्या माळ्यावर. लेबल बाहेरून लावा हे यांनी सांगितलं. कडक आहे का ते न बघता लावलं मी. मनगटावर घासून बघा, आत्ता बघा. भावजींचा हात स्वच्छ आहे. ज्याला भरून घ्यायचं असेल त्याने आम्हा दोघांकडून घ्यावं, यांच्याकडून आणि माझ्याकडून. भावजींचं नाव काढाल तर याद राखा!"

मालकाने मनगटावर घासून पाहिलं. मग दिराकडे वळून म्हणाला, "उद्या वेळेवर ये." वाटेत दीर एकदाच म्हणाला, "लालच बरे होते गं." वहिनी त्याच्यावर खेकसली आणि मग रस्ताभर डोळे पुसत राहिली.

लेबलवाल्याचा निरोप त्यांच्या आधी घरी पोचला होता. काळ्याचं काम बंद.

सकाळी बायका आल्या, तेव्हा वहिनीने झालेलं सगळं सांगितलं. सांगताना लेबलवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, कंपनीला शिव्या घातल्या, गरम तारेला घातल्या. बायका ऐकत होत्या. काळ्याचं काम गेलं म्हणजे निम्म्या जणींचं काम गेलं, हे सांगायला कुणाची गरज नव्हती, आणि पहिली जाणार मावशी, कारण ती हल्ली फक्त काळे शिवायची.

"वहिनी, एक विचारू? चिडू नकोस."

"विचार."

"तिथे तुझ्या दिराच्या जागी माझा मुलगा उभा असता, तर बोलली असतीस?"

वहिनीने तोंड उघडलं. दोष द्यायला लेबलवाला तयार होता, कंपनी तयार होती, दुकानदार तयार होता. यातलं एकही उत्तर या प्रश्नाला लागू पडेना. ओरडावं तर मावशीवर कसं ओरडणार?

"नाही," ती म्हणाली. "मीही वाळूच म्हणाले असते."

मावशीने मान हलवली. तिने चष्मा काढून डबीत घातला, मशिनवर कापड पांघरलं आणि जिन्याकडे निघाली.