भिंगचाचा आणि आमचे पणजोबा

भिंगचाचा कुठलीही बेगम आधी स्वतःच्या गालाला लावत. भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, डोळे मिटून. नांदेडच्या जुन्या मोंढ्याजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पण हस्तिदंतावर रंगवलेली बेगमांची, नवाबांची तळहाताएवढी चित्रं तपासून घ्यायला लातूर-उदगीरहून माणसं येत. खरा हस्तिदंत गार राहतो, प्लास्टिक लगेच सलगी करतं, असं त्यांचं म्हणणं.

मग डोळ्याला भिंग चढे. "ठिपके दिसले तर छापखाना, एकसारख्या रेघा तर कारखाना, काळे कण तर उंटाचं हाड. बारीक जाळी दिसली तरच हत्ती." हत्ती क्वचितच निघे. एका व्यापाऱ्याने दोनशे वर्षांची म्हणून बेगम आणली. चाचांनी त्याचंच वय विचारलं. पन्नास, म्हणाला. चाचा म्हणाले, "मग हिनं तुम्हाला काका म्हनायला पायजे."

आमच्या लातूरच्या घरीही एक चित्र होतं. पागोटं, झुपकेदार मिशा. हे आमचे पणजोबा, निजामाच्या दरबारात हस्तिदंतावर रंगवलेले, असं माझे वडील अण्णा आईला लग्नाआधीपासून सांगत आलेले. मेहुण्याने माझ्या कानावर घातलं की घरात हस्तिदंत सापडला तर जंगल खातं उचलून नेतं. माझी झोप उडाली. अण्णा आईसमोर छाती काढून म्हणाले, "जेलात जाईन, पन हत्ती सोडनार न्हाई." मी चित्र चाचांकडे न्यायला निघालो, तर ऐंशीचे अण्णा हट्टाने सोबत आले.

चाचांनी पणजोबांना गालाला लावलं, भिंग चढवलं. अण्णांच्या पाठीमागून मी हात जोडून खुणावत होतो, खोटं निघू द्या.

"प्लास्टिक हाय, अण्णा," चाचा म्हणाले. मी सुटलो. "चित्र छापलेलं. मानूस कुनाचा कोन. मिशा तेवढ्या हातानं काढल्यात. काढताना रेघ लई हललीय."

अण्णा खुर्चीत आक्रसले. मग हळूच कबूल झाले. चित्र उरुसातून घेतलेलं. सोयरीक जुळत नव्हती, मुलीकडच्यांना दाखवायला घराणं हवं होतं. आमच्याकडे सगळेच मिशाळ, म्हणून मिशा त्यांनीच चढवल्या. "पंचावन वर्षं झाली. आता तिला काय सांगू, चाचा?"

चाचांनी चित्र अण्णांच्या हातात दिलं. "सांगा, हत्ती खोटा निघाला. मिशा अस्सल हायेत."

अण्णांनी घरी येऊन शब्दन्‌शब्द तसंच सांगितलं. आईने चित्र पदराने पुसलं आणि खिळ्याला अडकवलं. "डावीकडची मिशी जरा वर गेलीय," ती म्हणाली. "सोयरीक झाली तवाच दिसली व्हती."

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा चाचांनी आईचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या आईला आता कुनाचं चित्र दाखवू नका. माझं दुकान बंद पडंल."

वर्षभराने चाचा गेले आणि दुकान बंद पडलंच. आता उदगीरहून कुणी चित्र घेऊन आमच्या घरी आलं, तर मी त्याला आईसमोर बसवतो. ती चित्र हातातसुद्धा घेत नाही. आधी आणणाऱ्याकडे बघते.