मेव्हण्यानं गिळलेली भावकी

हातानं एक नाव खोडणं ज्याला पाप वाटतं असा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात एकच, आणि देवानं नेमका तोच माझा मेव्हणा केला. रांजणगावला कंपनीत असतो. कॉम्प्युटरवरच्या एडिटरात तो स्क्रिप्ट लिहितो, तिच्यात कंस, टिंबं, चांदण्या आणि तिरप्या रेघांची एक ओळ टाकतो, आणि हजार ओळी एका झटक्यात बदलतात म्हणे. मला ती ओळ कीबोर्डवरून मांजर चालून गेल्यासारखी दिसते. "दाजी, ह्यो पॅटर्न हाय. एकदा दावला की मशीन आपसूक हुडकतंय," असं तो सांगतो. मी मान डोलावतो. बायको विचारते, "काय कळलं?" डोंबल!

माझ्या लेकीच्या लग्नाची पत्रिका त्यानंच अंगावर घेतली. आमच्याकडं पत्रिकेत एखादं नाव राहिलं तर ते घर मांडवात पाऊल टाकत नाही. थोरल्याच्या लग्नातली यादी होती, त्यातली दोन माणसं मधल्या काळात वारली. मी पेनानं काट मारली असती. यानं त्या दोन नावांआधी 'कै.' लावलं आणि स्क्रिप्टला सांगितलं, 'कै.'पासून स्वल्पविरामापर्यंत पूस. तिनं पहिल्या 'कै.'पासून यादीतल्या शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत सगळं गिळलं. बावीस जिती माणसं गायब, आणि कळलं कधी, तर दौंडहून पत्रिका छापून आल्यावर!

"अरे, काय केलंस हे?" मी ओरडलो.

"डॉट-स्टार, म्हंजी टिंब-चांदणी, हावरं असतंय, दाजी. त्याला पयल्याच स्वल्पविरामाला आवरायला फुडं प्रश्नचिन्ह टाकायचं ऱ्हायलं."

मी पत्रिकांचा गठ्ठा त्याच्यापुढं आपटला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. त्या सगळ्यांच्या पत्रिकांवर राहिलेली नावं पेनानं लिहिली आणि मोटारसायकलवर कवठे येमाईपासून भांडगावपर्यंत दारोदार सांगत फिरला, "चूक माझी हाय, दाजींची न्हाई."

'कै.'चं ऐकून भांडगावचे आप्पा भडकले. "म्हंजी आमाला मेल्यालं धरलं व्हय?" यानं त्यांना अर्धा तास पॅटर्न समजावला. शेवटी आप्पांनी हात जोडले. "येतू बाबा लग्नाला. पन ह्ये पुन्यांदा सांगू नगं."

झाडून सगळे आले. पाठवणी झाल्यावर आप्पांची पत्रिका खुर्चीवर पडलेली दिसली म्हणून उचलली. पेनानं लिहिलेली नावं मोजली, तर एकवीसच भरली. परत मोजली, तरी तेवढीच. बाविसावं कोण? मग मामांच्या ओळीवर नजर गेली. मुलीचा सख्खा मामा, आणि त्याचंच नाव नाही.

"अरे, तुझं?"

तो खुर्च्या रचत होता. "ऱ्हाऊ द्या, दाजी. मी काय रुसून बसणार हाय?"